तीस सप्टेंबरची रात्र आणि गुरुवारच्या काळ्या छत्र्या

१९८० च्या दशकाच्या मध्यापासून लष्करशहा सुहार्तो सत्तेवरून जाईपर्यंत इंडोनेशियात दर वर्षी ३० सप्टेंबरच्या रात्री दूरचित्रवाणीवर एकच चित्रपट दाखवला जात असे. सरकारी चित्रपटसंस्थेने १९८४ मध्ये तयार केलेला हा चित्रपट साडेतीन तासांहून अधिक लांबीचा होता आणि १ ऑक्टोबर १९६५ च्या पहाटे जकार्तात सहा सेनापतींची व एका लेफ्टनंटची जी हत्या झाली, तिची सरकारमान्य कहाणी त्यात रंगवलेली होती. शाळकरी मुलांना वर्गच्या वर्ग चित्रपटगृहात नेऊन तो दाखवत. पुढे खासगी वाहिन्या आल्या, तेव्हा त्या रात्री त्यांनाही तोच दाखवणे भाग पडले. कम्युनिस्टांनी आणि गेरवानी या महिला संघटनेच्या स्त्रियांनी सेनापतींचे हालहाल केले आणि सुहार्तोंनी देश वाचवला, हा १९६५ चा अर्थ एका संपूर्ण पिढीच्या मनात या चित्रपटाने पक्का केला. त्या हत्येनंतरच्या काही महिन्यांत कम्युनिस्ट किंवा तसा संशय असलेले लोक देशभर मारले गेले. मृतांच्या संख्येचे अंदाज पाच लाखांपासून दहा लाखांपर्यंत जातात. चित्रपटात त्याचा मागमूसही नव्हता.

ही कहाणी चित्रपटाच्या कितीतरी आधी तयार झालेली होती. हत्येनंतर लगेचच जकार्तातली बहुतेक वृत्तपत्रे बंद पाडण्यात आली आणि काही दिवस तेथे प्रामुख्याने लष्कराच्या दोन दैनिकांचाच आवाज उरला. सेनापतींच्या देहांची विटंबना झाल्याच्या बातम्या याच दैनिकांनी पसरवल्या. वास्तविक खुद्द सुहार्तोंच्या आदेशावरून त्या मृतदेहांचे शवविच्छेदन झाले होते आणि त्याच्या अहवालांत गोळ्यांच्या व माराच्या जखमा होत्या, विटंबनेची नोंद नव्हती. बेनेडिक्ट अँडरसन या अभ्यासकाने १९८७ मध्ये ते अहवाल अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. परंतु परदेशी नियतकालिकात एकदा छापून आलेला कागद आणि दर वर्षी ठरलेल्या रात्री घराघरांत दिसणारी दृश्ये यांचा सामना बरोबरीचा कसा होणार?

इंडोनेशियाविषयी मी जे काही वाचले, त्यातून माझे एक मत हळूहळू घट्ट होत गेले आहे. घटनेचा सार्वजनिक अर्थ पालुपदासारखा तयार होतो. कोणती गोष्ट, कोणत्या दिवशी, कोणासमोर आणि किती वेळा पुन्हा सांगायची हे ठरवण्याचा हक्क ज्याच्याकडे, त्याच्या हाती त्या अर्थाची सूत्रे राहतात. सतरा हजारांहून अधिक बेटे आणि सातशेहून अधिक भाषा असलेल्या देशात तर हा हक्क कोणाकडे आहे यावरच देश स्वतःला काय समजतो ते ठरते.

आपण मुंबईकरही यातून सुटलेलो नाही. गणेशोत्सव जवळ आला की सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर इंडोनेशियाच्या वीस हजार रुपियाच्या नोटेचे छायाचित्र फिरू लागते. जगातल्या सर्वांत मोठ्या मुस्लिम लोकसंख्येच्या देशाने नोटेवर गणपती छापला आहे, असा मजकूर सोबत असतो. नोट खरी आहे. ती १९९८ मध्ये निघाली आणि २००८ च्या अखेरीस चलनातून बाद झाली. तरीही आपल्याकडे ती दर भाद्रपदात नव्याने चलनात येते. माझी खंत वेगळी आहे. त्या नोटेवर गणपतीपेक्षा ठसठशीत असे एका माणसाचे चित्र आहे, आणि तो कोण हे या मजकुरात कधीच नसते. ते आहेत की हजर देवांतारा. १९१३ मध्ये, नेपोलियनच्या फ्रान्सपासून मुक्त झाल्याची शंभरी डच सत्ताधारी आपल्या वसाहतीत साजरी करणार होते आणि तिच्यासाठी पारतंत्र्यातल्या लोकांकडूनही वर्गणी गोळा होत होती. तेव्हा सुवार्दी सुर्यानिंग्रात या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या तरुण पत्रकाराने लेख लिहिला: मी डच असतो, तर ज्यांचे स्वातंत्र्य आपण हिरावले त्यांच्या भूमीवर आपल्या स्वातंत्र्याचा सोहळा करायला मला संकोच वाटला असता. या लेखापायी त्यांना हद्दपार करून नेदरलँड्सला पाठवण्यात आले. परतल्यावर १९२२ मध्ये त्यांनी तामान सिस्वा ही देशी शिक्षणाची चळवळ उभारली. सुवार्दींच्या त्या लेखाआधी पाचच वर्षे, १९०८ मध्ये, ‘केसरी’तील लेखांसाठी मुंबईच्या उच्च न्यायालयात लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेला नेण्यात आले. ही दोन माणसे शेजारी ठेवून पाहण्याचा अधिकार मराठी वाचकाइतका कोणाला असेल? पण छायाचित्र ज्या मजकुरासह पुन्हा पुन्हा येते, त्या मजकुराने आपली नजर आधीच एका कोपऱ्यात नेऊन ठेवलेली असते.

स्वातंत्र्यानंतरच्या इंडोनेशियाला नभोवाणीचे मोल पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. १७ ऑगस्ट १९४५ ला सुकार्नो आणि हत्ता यांनी स्वातंत्र्याची घोषणा केली आणि महिना उलटण्याच्या आत, ११ सप्टेंबरला, राष्ट्रीय नभोवाणी स्थापन झाली. १९६२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने दूरचित्रवाणी आली. सुहार्तोंच्या काळात ८ जुलै १९७६ ला पालापा हा उपग्रह अवकाशात गेला आणि स्वतःची उपग्रह दळणवळण यंत्रणा असणारा इंडोनेशिया हा पहिला विकसनशील देश ठरला. आपल्याकडे त्याच सुमारास, ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या काळात, अमेरिकेकडून वर्षभरासाठी मिळालेल्या उपग्रहाच्या साहाय्याने हजारो खेड्यांत शिक्षणाचे कार्यक्रम दाखवण्याचा प्रयोग चालू होता. दोन्ही ठिकाणी खेड्यातल्या माणसाचे भले हाच जाहीर हेतू होता. फरक असा की जकार्ताने उपग्रह स्वतःच्या मालकीचा घेतला आणि राजधानीचा आवाज सर्व बेटांवर एकाच वेळी पोहोचवण्याची कायमची सोय करून ठेवली.

या सोयीचा वापर किती बारकाईने होत असे, हे पाहण्यासारखे आहे. खासगी नभोवाणी केंद्रांना सरकारी बातमीपत्रे दिवसातून अनेकदा जशीच्या तशी सहक्षेपित करावी लागत. १९८१ मध्ये सरकारी दूरचित्रवाणीवरील जाहिराती बंद झाल्या, कारण शहरी चैनीच्या वस्तू रोज पाहून खेड्यांत असंतोष वाढेल अशी भीती सरकारला वाटत होती. म्हणजे कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा दिसू द्यायची नाही, हेही तितक्याच काळजीने ठरवले जाई. गावोगावी श्रोत्यांचे, वाचकांचे आणि प्रेक्षकांचे गट स्थापन करण्यात आले होते. त्यातले शेतकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, खते, बियाणी आणि कुटुंबनियोजन यांविषयीच्या प्रश्नांना स्पर्धेत उत्तरे देत आणि त्या स्पर्धा दूरचित्रवाणीवर दाखवल्या जात. यातून शेतीचे ज्ञान पसरले हे मी नाकारत नाही. उत्तरे मात्र आधीच ठरलेली होती, आणि प्रश्न विचारण्याचे काम शेतकऱ्याकडे नव्हते.

या शिस्तीतही एक फट होती. जावातील वायांग, म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांचा रात्रभर चालणारा छायाखेळ, बहुतांशी रामायण-महाभारतावर उभा आहे. पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना त्याची जात चटकन ओळखता येईल. बाहुल्या नाचवणारा, सगळी पात्रे एकट्याने बोलणारा आणि वाद्यवृंदाला इशारे देणारा कलावंत म्हणजे दालांग. मध्यरात्रीच्या पुढेमागे सेमार आणि त्याची मुले गारेंग, पेत्रुक व बागोंग ही विदूषकमंडळी रंगात येतात आणि मूळ कथानक बाजूला ठेवून गावातल्या, बाजारातल्या, सरकारातल्या गोष्टींवर बोलू लागतात. ही पात्रे मूळ महाभारतात नाहीत. ती जावाची स्वतःची आहेत. सरकारने दालांगांना खतांचे आणि कुटुंबनियोजनाचे संदेश याच विदूषकांच्या तोंडी घालायला लावले. परंतु आपल्या तमाशातल्या सोंगाड्याच्या तोंडी संहिता घालून तो तेवढेच बोलेल अशी अपेक्षा कोणी ठेवली, तर ज्याने एकदाही वग पाहिला आहे तो मान हलवील. संदेश तोच, पण तो पेत्रुकच्या तोंडून कोणत्या सुरात आला, त्याआधी किती थांबा घेतला, यावर प्रेक्षक त्याचा अर्थ लावत. एकाच वाक्याची पुनरावृत्ती करताना अर्थ बदलण्याची ताकद जिवंत कलावंताकडे असते, ती रिळाकडे नसते.

आणि जिथे सांगणारा कोणीच मालक नाही, अशी एक पुनरावृत्ती याच देशात आहे. सुमात्राच्या पश्चिमेला सिमेउलुए नावाचे बेट आहे. ४ जानेवारी १९०७ ला तेथे भूकंपानंतर समुद्र आत येऊन गावेच्या गावे बुडाली. वाचलेल्यांनी त्या लाटेला नाव दिले स्मोंग, आणि मुलांना झोपवताना, लग्नकार्यात, कापणीच्या वेळी गायच्या गाण्यांतून ती गोष्ट पुढे चालू ठेवली: जमीन जोरात हलली आणि पाणी मागे हटले, तर काही घ्यायला थांबू नका, डोंगराकडे पळा. शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट नव्हती, नभोवाणीवर नव्हती. २६ डिसेंबर २००४ ला पहिली लाट भूकंपानंतर दहा मिनिटांच्या आसपास बेटावर पोहोचली. कोणतीही सूचना पोहोचवण्याइतका तो वेळ नव्हता. लोक ‘स्मोंग, स्मोंग’ असे ओरडत उंचावर गेले. सुमारे ७८ हजार लोकवस्तीच्या त्या बेटावर ७ जण दगावले. त्याच आचेह प्रांताच्या मुख्य भूमीवर दीड लाखाहून अधिक माणसे मृत किंवा बेपत्ता झाली. आमच्या दादरच्या अभ्यासमंडळात मी हे सांगितले, तेव्हा वरळी कोळीवाड्यातले एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, “नारळी पौर्णिमेपर्यंत होडी काढायची नाही, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही ताई, ते आम्ही ऐकत ऐकतच मोठे झालो.” मला वाटते, उपग्रहाच्या जोरावर जे साधता येत नाही ते अंगाईगीताने सत्त्याण्णव वर्षे टिकवले, ते अशाच ऐकत ऐकत मोठे होण्यामुळे.

सुहार्तोंचा शेवट जवळ येत होता, त्या काळात मी मुंबईतल्या एका मराठी दैनिकात परदेशी बातम्या पाहत असे. आधी १९९४ च्या २१ जूनला ‘टेम्पो’, ‘एडिटर’ आणि ‘डेटिक’ या तीन नियतकालिकांचे परवाने सरकारने रद्द केले होते. ‘टेम्पो’ने पूर्व जर्मनीच्या आरमाराची ३९ जुनी जहाजे विकत घेण्याच्या व्यवहारावर लिहिले होते. त्या बंदीनंतर पत्रकारांनी सरकारमान्य संघटनेबाहेर पडून ७ ऑगस्टला स्वतःची स्वतंत्र संघटना काढली, आणि ‘टेम्पो’ १९९६ पासून इंटरनेटवर दिसू लागला, कारण छापण्यासाठी परवाना लागे, इंटरनेटसाठी लागत नसे. मे १९९८ मध्ये १२ तारखेला जकार्तातल्या त्रिसक्ती विद्यापीठात चार विद्यार्थी गोळीबारात ठार झाले आणि पुढचे दोन-तीन दिवस शहर जळत राहिले. चिनी वंशाच्या लोकांची घरे-दुकाने लुटली गेली, त्या समाजातील स्त्रियांवर बलात्कार झाले. परंतु ११ आणि १३ मे रोजी भारताने पोखरणला अणुचाचण्या केल्या होत्या. आमच्या अंकाच्या पहिल्या पानावर दुसऱ्या कशाला जागा नव्हती आणि जकार्ता आतल्या पानावर एका कॉलमात गेले. २१ मे रोजी सुहार्तोंनी राजीनामा दिला, तेव्हा त्याची मोठी बातमी झाली. मराठी वाचकाच्या मनात म्हणूनच त्या घटनाक्रमाचा शेवट आहे, पण तो शेवट ज्यांनी घडवला ती मुले नाहीत आणि ज्या स्त्रियांनी त्याची किंमत मोजली त्याही नाहीत.

त्याच वर्षी माहितीमंत्री युनुस योसफिया यांनी ३० सप्टेंबरच्या चित्रपटाची सक्ती थांबवली. पुढच्या वर्षी नवा वृत्तपत्र कायदा आला आणि राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद यांनी माहिती खातेच बरखास्त केले. १९६७ पासून चिनी सणांच्या सार्वजनिक साजरीकरणावर असलेली बंदीही त्यांनी २००० मध्ये उठवली. पालुपद गाण्याचा मक्ता सरकारच्या हातून सुटला, तो लगेच जनतेच्या हाती आला असे मात्र झाले नाही. बराचसा भाग पैसेवाल्यांकडे गेला.

त्याचे सर्वांत लख्ख उदाहरण ९ जुलै २०१४ च्या संध्याकाळी दिसले. राष्ट्राध्यक्षपदाचे मतदान संपले आणि नमुना मतमोजणीचे अंदाज वाहिन्यांवर येऊ लागले. मेट्रो टीव्हीवर जोको विदोदो जिंकत होते. टीव्हीवनवर त्याच वेळी प्रबोवो सुबियांतो जिंकत होते. पहिल्या वाहिनीचे मालक सूर्या पालोह यांचा पक्ष विदोदोंच्या आघाडीत होता, दुसऱ्या वाहिनीच्या मागे असलेले अबुरिझाल बाक्री हे गोलकार पक्षाचे अध्यक्ष प्रबोवोंच्या बाजूला होते. दोन्ही उमेदवारांनी विजय जाहीर केला. एकाच घरात दोन खोल्यांत दोन संच असते, तर त्या घराला दोन राष्ट्राध्यक्ष मिळाले असते. सुदैवाने निवडणूक आयोगाने या वेळी मतदान केंद्रावर भरलेल्या मूळ तक्त्यांची छायाचित्रे जशीच्या तशी संकेतस्थळावर ठेवली होती. सिंगापुरात काम करणाऱ्या ऐनुन नजीब या इंडोनेशियन तंत्रज्ञाने मित्रांच्या मदतीने एक साधे संकेतस्थळ उभे केले आणि सुमारे सातशे स्वयंसेवकांनी पावणेपाच लाखांच्या आसपास असलेल्या मतदान केंद्रांच्या तक्त्यांवरचे हाताने लिहिलेले आकडे पाहून पाहून संगणकात भरले. २२ जुलैला आयोगाने विदोदोंना ५३.१५ टक्के मते जाहीर केली आणि स्वयंसेवकांची बेरीज त्याच्या अगदी जवळ होती. वाहिन्या जोरात सांगत होत्या. या लोकांनी फक्त मोजले. लोकशाहीतल्या संवादाविषयी मी जे काही वाचले आहे, त्यात या आकडे भरणाऱ्या माणसांइतका मान मला दुसऱ्या कोणाबद्दल वाटत नाही.

दोनच वर्षांनी याच साधनांची दुसरी बाजू दिसली. जकार्ताचे तेव्हाचे गव्हर्नर, आहोक या नावाने परिचित असलेले बासुकी चाहाया पुर्नामा, हे ख्रिस्ती आणि चिनी वंशाचे. २७ सप्टेंबर २०१६ ला जकार्ताच्या उत्तरेकडील छोट्या बेटांवर ते मत्स्यपालनाच्या योजनेबद्दल बोलत होते. बोलता बोलता, कुराणातल्या एका आयतीचा आधार घेऊन तुम्हाला मला मत न देण्यास सांगितले जाते, असे त्यांनी म्हटले. तासाहून अधिक चाललेल्या भाषणातला अगदी लहानसा तुकडा फेसबुकवर आला आणि त्याच्यासोबत दिलेल्या मजकुरातून वाक्यातला एक छोटा शब्द गळलेला होता. त्यामुळे आयतीच्या वापरावरची टीका ही आयतीवरची टीका झाली. पूर्ण भाषण उपलब्ध होते, पण पुन्हा पुन्हा पाहिला गेला तो तुकडा. २ डिसेंबरला राष्ट्रीय स्मारकाभोवती लाखो लोक जमले, एप्रिल २०१७ मध्ये आहोक निवडणूक हरले आणि ९ मे रोजी धर्मनिंदेबद्दल त्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. तुकडा टाकणाऱ्यालाही नंतर शिक्षा झाली. त्या शिक्षेमुळे गळलेला शब्द कोणाच्या मनात परत गेला असे मला वाटत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रबोवो ५८ टक्क्यांहून अधिक मते घेऊन राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकले. १९९८ मध्ये कार्यकर्त्यांच्या अपहरण प्रकरणात लष्करातून काढून टाकलेले हे सेनापती, सुहार्तोंचे एके काळचे जावई, टिकटॉकवर गुबगुबीत गालांच्या प्रेमळ आजोबांच्या व्यंगचित्रात आणि त्यांच्या छोट्याशा नाचात तरुण मतदारांपुढे येत राहिले. मतदारांपैकी निम्म्याहून अधिक चाळिशीच्या आतले होते. १९९८ त्यांना कोणी पुन्हा सांगितलेच नव्हते, असे म्हणावे, तर तेही खरे नाही.

कारण १८ जानेवारी २००७ पासून दर गुरुवारी जकार्तातल्या मेर्देका राजवाड्यासमोर काही माणसे काळे कपडे घालून, काळ्या छत्र्या उघडून तासभर उभी राहतात. या उपक्रमाचे नाव कामिसान. अर्जेंटिनातल्या मातांच्या गुरुवारच्या आंदोलनापासून त्यांनी प्रेरणा घेतली. त्यात मारिया काटारिना सुमारसिह आहेत, ज्यांचा विद्यार्थी मुलगा १३ नोव्हेंबर १९९८ ला सेमांगी येथे जखमींना मदत करताना गोळी लागून गेला. सुचिवाती आहेत, ज्यांचे पती, मानवी हक्कांचे वकील मुनीर, ७ सप्टेंबर २००४ ला ॲमस्टरडॅमच्या विमानात विषप्रयोगाने मारले गेले. १९६५ च्या पीडितांचीही माणसे आहेत. छत्र्यांवर पांढऱ्या अक्षरांत घटनांची नावे लिहिलेली असतात आणि राष्ट्राध्यक्षांना उद्देशून पत्र पाठवले जाते. राष्ट्राध्यक्ष बदलले, गुरुवार चुकला नाही. सरकारकडे उपग्रह होता, खाते होते, शाळा होत्या. या बायकांकडे आठवड्यातला एक वार होता, आणि त्यांनी तो पालुपदासाठी वापरला. आता देशातल्या इतर शहरांतही तरुण मुले गुरुवारी काळे कपडे घालून उभी राहतात, त्यातली बरीच १९९८ नंतर जन्मलेली आहेत. ११ जानेवारी २०२३ ला विदोदो यांनी १९६५-६६ च्या हत्याकांडासह बारा घटनांत मानवी हक्कांचे गंभीर उल्लंघन झाल्याचे मान्य करून खेद व्यक्त केला. त्या कबुलीनंतरही खटला कोणावर चालला नाही, पण राज्याच्या प्रमुखाच्या तोंडून तो अर्थ एकदा तरी उमटला.

हा झगडा अजून चालूच आहे. २०२५ मध्ये देशाचा इतिहास सरकारी पुढाकाराने नव्याने लिहून घेतला जात असताना सांस्कृतिक मंत्री फडली झोन यांनी मे १९९८ च्या सामूहिक बलात्कारांविषयी शंका घेतली. वास्तविक १९९८ मध्ये सरकारनेच नेमलेल्या सत्यशोधन पथकाने ते घडल्याचे नोंदवले आहे. महिला संघटना आणि इतिहासकार त्यावर तुटून पडले. त्याच वर्षी १० नोव्हेंबरला, वीरदिनी, प्रबोवो यांनी नवे राष्ट्रीय वीर जाहीर केले. त्या यादीत सुहार्तो आहेत. माहिती खाते बरखास्त करणारे अब्दुर्रहमान वाहिद आहेत. आणि मार्सिना आहे: पूर्व जावातल्या घड्याळांच्या कारखान्यातली कामगार, जिने वेतनवाढीसाठी संपात पुढाकार घेतला आणि मे १९९३ मध्ये, सुहार्तोंच्याच राजवटीत, जिचा छळ करून खून झाला. त्या खटल्यातल्या आरोपींना सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. तिला कोणी मारले, हे इंडोनेशियाच्या सरकारी कागदांत आजही लिहिलेले नाही.